लहान मुलांमधील श्वसनसंसर्गकारक विषाणूंची जनुकीय विविधता

लहान मुलांमधील श्वसनसंसर्गकारक विषाणूंची जनुकीय विविधता म्हणजे पाच वर्षांखालील मुलांमध्ये सर्दी, खोकला, ब्रॉन्किओलायटिस आणि न्यूमोनिया यांसारखे आजार निर्माण करणाऱ्या विषाणूंच्या जनुकसंचांत आढळणारे फरक होत. हे फरक एका विषाणूच्या निरनिराळ्या उपगटांत असतात, तसेच एकाच उपगटातील वेगवेगळ्या वर्षी व वेगवेगळ्या ठिकाणी सापडलेल्या नमुन्यांतही असतात. एकदा आजार होऊन गेल्यावरही मुलाला तोच विषाणू पुन्हा का गाठतो, एखादी लस किंवा प्रतिपिंड-औषध काही वर्षांनी निष्प्रभ का ठरू शकते आणि एखाद्या गावात आलेली साथ कोठून आली, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना या विविधतेचा अभ्यास उपयोगी पडतो. महाराष्ट्रात या अभ्यासाचे मुख्य केंद्र पुणे येथील राष्ट्रीय विषाणू संस्था हे आहे. पुण्याच्या दक्षिणेस असलेले सातारा आणि सांगली हे जिल्हे हवामान, स्थलांतर आणि रुग्णालयांची उपलब्धता या दृष्टींनी अशा अभ्यासासाठी महत्त्वाचे ठरतात.

पार्श्वभूमी

पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंमागील प्रमुख संसर्गजन्य कारणांत न्यूमोनियाचा समावेश होतो. न्यूमोनिया जिवाणूंमुळे होतो तसा विषाणूंमुळेही होतो. विषाणूंपैकी रेस्पिरेटरी सिन्सिशियल विषाणू, म्हणजेच आरएसव्ही, हा लहान बालकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. २०२२ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभरातील पाच वर्षांखालील मुलांमध्ये आरएसव्हीमुळे खालच्या श्वसनमार्गाच्या तीव्र संसर्गाचे सुमारे ३ कोटी ३० लाख प्रसंग घडले, सुमारे ३६ लाख मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि सुमारे १,०१,४०० मुलांचा मृत्यू झाला. यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले.

आरएसव्हीखेरीज मानवी मेटान्यूमोविषाणू (एचएमपीव्ही), ऱ्हायनोविषाणू, ॲडिनोविषाणू, इन्फ्लुएन्झा विषाणू, पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू आणि २००५ मध्ये स्वीडनमध्ये शोधला गेलेला बोकाविषाणू हेही मुलांच्या श्वसनमार्गात आढळतात. या सर्वांची लक्षणे परस्परांसारखी असतात. ताप, नाक वाहणे, खोकला, छातीत घरघर आणि धाप यांवरून नेमका विषाणू ओळखता येत नाही. मराठी बोलीत 'छाती भरणे', 'पोट उडणे' किंवा 'डबा' या शब्दांनी ओळखल्या जाणाऱ्या बालरोगांत या सर्वांचा अंतर्भाव होऊ शकतो.

सहा महिन्यांखालील अर्भके, मुदतपूर्व जन्मलेली मुले, जन्मजात हृदयविकार किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेली मुले आणि कुपोषित मुले यांना गंभीर आजाराचा धोका अधिक असतो. अर्भकाच्या सूक्ष्म श्वासनलिका अतिशय अरुंद असतात. त्यामुळे मोठ्या माणसाला केवळ सर्दी करणारी सूज व चिकट स्राव अर्भकाचा श्वास कोंडण्यास पुरेसे ठरतात.

विविधता निर्माण होण्याची कारणे

उत्परिवर्तन. वर उल्लेखिलेल्या विषाणूंपैकी बहुतेकांचे जनुकद्रव्य आरएनए हे आहे. आरएनएची नक्कल करणाऱ्या विकराला सहसा झालेली चूक दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे नकलेतील साधारणपणे दर दहा हजार ते दहा लाख अक्षरांमागे एक चूक राहते. एका संसर्गात विषाणूच्या असंख्य प्रती तयार होत असल्याने एकाच मुलाच्या नाकातही किंचित भिन्न जनुकसंचांचा समूह असतो. बहुतांश चुका विषाणूला अपायकारक किंवा निरुपयोगी असतात, तर थोड्या उपकारक ठरून टिकतात.

द्विरावृत्ती. नक्कल होताना जनुकाचा एखादा तुकडा दोनदा लिहिला जातो. आरएसव्हीच्या अलीकडील इतिहासातील दोन मोठे बदल याच प्रकारचे आहेत.

पुनर्संयोजन आणि खंडांची अदलाबदल. दोन विषाणूंनी एकाच पेशीला एकाच वेळी बाधा केल्यास त्यांच्या जनुकांची सरमिसळ होऊ शकते. इन्फ्लुएन्झा ए विषाणूचा जनुकसंच आठ सुट्या खंडांचा असल्याने त्यात खंडांची अदलाबदल सहज होते. २००९ च्या जागतिक साथीतील एच१एन१ विषाणू असाच निर्माण झाला होता. आरएसव्ही आणि एचएमपीव्ही यांचा जनुकसंच अखंड असल्याने त्यांच्यात अशी अदलाबदल होत नाही. ॲडिनोविषाणूत पुनर्संयोजन वारंवार आढळते.

निवड. समाजातील बहुसंख्य लोकांच्या शरीरात जुन्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे असतात. ज्या बदललेल्या विषाणूला ही प्रतिपिंडे नीट ओळखू शकत नाहीत, त्याचा प्रसार तुलनेने अधिक होतो. यामुळेच पृष्ठभागावरील प्रथिनांची जनुके इतर जनुकांपेक्षा वेगाने बदलताना दिसतात.

प्रमुख विषाणू

आरएसव्ही

हा विषाणू १९५६ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगशाळेतील सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये प्रथम सापडला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोर येथील आजारी बालकांमध्ये तो असल्याचे दाखवून दिले. बाधित पेशी परस्परांत विलीन होऊन 'सिन्सिशियम' नावाचा मोठा पेशीपुंज बनतो, यावरून त्याला हे नाव मिळाले. पूर्वी त्याची गणना पॅरामिक्सोव्हिरिडी कुलात होत असे. २०१६ पासून तो न्यूमोव्हिरिडी या स्वतंत्र कुलात गणला जातो.

आरएसव्हीच्या जनुकसंचात सुमारे १५,२०० न्यूक्लिओटाइडे असून १० जनुकांपासून ११ प्रथिने तयार होतात. विविधतेच्या दृष्टीने त्यांपैकी दोन महत्त्वाची आहेत. 'जी' प्रथिनाच्या साहाय्याने विषाणू श्वसनमार्गाच्या पेशीला चिकटतो, तर 'एफ' प्रथिन विषाणूचे आवरण व पेशीचे आवरण यांचे मीलन घडवून आणते. जी प्रथिनावर शर्करारेणूंचे दाट आच्छादन असते व त्याचे दोन भाग अतिशय परिवर्तनशील आहेत. एफ प्रथिनाची रचना त्याच्या कार्यामुळे फारशी बदलू शकत नाही.

१९८५ मध्ये एकक्लोनी प्रतिपिंडांच्या साहाय्याने आरएसव्हीचे ए आणि बी असे दोन उपगट असल्याचे स्पष्ट झाले. या दोन उपगटांच्या जी प्रथिनांतील अमिनो आम्लांच्या क्रमात सुमारे ५३ टक्केच साम्य आहे. एफ प्रथिनांत मात्र ते सुमारे ९० टक्के आहे. एकाच हंगामात दोन्ही उपगट एकाच गावात आढळू शकतात आणि त्यांपैकी कोणाचे प्राबल्य राहील हे वर्षागणिक बदलते. एका उपगटाचा संसर्ग होऊन गेल्यावर मिळणारे संरक्षण दुसऱ्या उपगटाविरुद्ध तोकडे पडते. त्याच उपगटाविरुद्धचे संरक्षणही फार काळ टिकत नाही. दोन वर्षांच्या वयापर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला आरएसव्हीचा संसर्ग किमान एकदा होऊन जातो आणि पुनर्संसर्ग आयुष्यभर होत राहतात.

उपगटांच्या आत आणखी जनुकप्रकार आहेत. १९९९ मध्ये अर्जेंटिनातील ब्युनॉस आयर्स येथे बी उपगटात जी जनुकातील ६० न्यूक्लिओटाइडांचा तुकडा दोनदा आलेला विषाणू सापडला. शहराच्या नावावरून त्यास 'बीए' हे नाव मिळाले. काही वर्षांतच जगभरातील बी उपगटाचे बहुतांश विषाणू याच प्रकारचे झाले. २०१०-११ च्या हिवाळ्यात कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात ए उपगटात ७२ न्यूक्लिओटाइडांची द्विरावृत्ती असलेला 'ओएन१' प्रकार आढळला. त्यानेही अल्पावधीत जुन्या ए प्रकारांची जागा घेतली. दोन्ही द्विरावृत्ती एकाच जनुकाच्या एकाच टोकाशी, परस्परांशी संबंध नसलेल्या दोन उपगटांत, सुमारे एका दशकाच्या अंतराने घडल्या. यावरून जनुकाचा हा भाग लांबल्याने विषाणूला काही लाभ होत असावा, असे अनुमान केले जाते.

कोविड-१९ च्या काळातील निर्बंधांमुळे २०२०-२१ मध्ये अनेक देशांत आरएसव्ही जवळजवळ दिसेनासा झाला आणि नंतर नेहमीचा हंगाम नसताना मोठ्या साथीच्या रूपाने परतला. ऑस्ट्रेलियातील क्रमनिर्धारणातून असे दिसले की, निर्बंधांपूर्वीच्या अनेक शाखा लोप पावून परतलेली साथ मोजक्याच शाखांपासून पसरली होती.

मानवी मेटान्यूमोविषाणू

एचएमपीव्हीचा शोध २००१ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी २८ मुलांच्या नमुन्यांतून लावला. साठवून ठेवलेल्या जुन्या रक्तनमुन्यांतील प्रतिपिंडांवरून तो किमान पन्नास वर्षे माणसांत वावरत असल्याचेही तेव्हाच दिसून आले. म्हणजे विषाणू जुना होता, केवळ त्याची ओळख नवी होती. त्याच्या जनुकसंचात सुमारे १३,३०० न्यूक्लिओटाइडे व ८ जनुके आहेत. त्याचेही ए आणि बी असे दोन मुख्य गट असून ए१, ए२, बी१, बी२ अशा शाखा आहेत. ए२ शाखेत जी जनुकातील १८० व १११ न्यूक्लिओटाइडांच्या द्विरावृत्ती असलेले विषाणू २०१४ नंतर जपानसह अनेक देशांत आढळले आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकातील दोन अर्भकांमध्ये हा विषाणू आढळल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमित सर्वेक्षणात हे रुग्ण आढळले होते. चीनमधील वाढत्या रुग्णसंख्येच्या बातम्यांमुळे त्या वेळी मोठी चिंता पसरली. तथापि हा विषाणू भारतात आधीपासूनच असल्याचे मंत्रालयाने स्पष्ट केले.

ऱ्हायनोविषाणू

सामान्य सर्दीचे हे सर्वांत मोठे कारण होय. ए, बी आणि सी या तीन जातींत मिळून १६० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. या विपुल विविधतेमुळे सर्दीवर सर्वसमावेशक लस तयार करणे आजवर शक्य झालेले नाही. सी जातीचा शोध २००६ च्या सुमारास जनुकीय पद्धतींमुळे लागला, कारण नेहमीच्या पेशीसंवर्धनात हे विषाणू वाढत नव्हते. लहान मुलांतील घरघर व दम्याच्या तीव्र झटक्यांशी या जातीचा संबंध आढळतो.

ॲडिनोविषाणू, इन्फ्लुएन्झा आणि पॅराइन्फ्लुएन्झा

ॲडिनोविषाणूचे जनुकद्रव्य डीएनए असल्याने त्यात नकलेच्या चुका कमी होतात, परंतु पुनर्संयोजनातून नवे प्रकार निर्माण होतात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात कोलकाता व परिसरातील मुलांमध्ये आलेल्या ॲडिनोविषाणूच्या गंभीर साथीत प्रकार ७ आणि प्रकार ३ यांच्या संयोगातून बनलेला विषाणू मुख्यत्वे आढळला. इन्फ्लुएन्झा विषाणूतील सततच्या बदलांमुळे त्याच्या लसीची घटकरचना वर्षातून दोनदा, उत्तर व दक्षिण गोलार्धांसाठी स्वतंत्रपणे, निश्चित केली जाते. पॅराइन्फ्लुएन्झाचे चार प्रकार असून लहान मुलांतील घोगरा, भुंकल्यासारखा खोकला असलेल्या क्रूप या आजाराचे ते प्रमुख कारण आहे.

अभ्यासाची पद्धत

आजारी मुलाच्या नाकातून किंवा घशातून कापसाच्या बोळ्याने घेतलेला स्राव विशिष्ट द्रावात ठेवून थंड अवस्थेत, साधारणतः २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, प्रयोगशाळेत नेला जातो. आरएनए लवकर विघटित होत असल्याने ही शीतसाखळी खंडित झाल्यास नमुना निरुपयोगी ठरू शकतो. प्रयोगशाळेत आरटी-पीसीआर चाचणीने कोणता विषाणू आहे आणि आरएसव्ही असल्यास ए की बी, हे ठरते.

त्यापुढील पायरी क्रमनिर्धारणाची असते. पूर्वी केवळ जी जनुकाच्या परिवर्तनशील भागाचा क्रम वाचला जाई, कारण थोड्या अक्षरांत जास्तीत जास्त फरक तेथेच सापडत. आता संपूर्ण जनुकसंच वाचण्याकडे कल आहे. मिळालेल्या क्रमांची जगभरातील क्रमांशी तुलना करून वंशवृक्ष मांडला जातो. एखाद्या तालुक्यातील एका हंगामातील सर्व नमुने वृक्षाच्या एकाच लहान फांदीवर आले, तर विषाणू बाहेरून बहुधा एकदाच येऊन तेथे पसरला असा अर्थ निघतो. ते अनेक दूरदूरच्या फांद्यांवर विखुरलेले असतील, तर विषाणू अनेकदा, निरनिराळ्या वाटांनी आत आला असे समजले जाते.

जनुकप्रकारांना नावे देण्याबाबत दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती. निरनिराळ्या गटांनी आपापल्या कसोट्या लावल्यामुळे एकाच विषाणूला दोन नावे मिळत. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने संपूर्ण जनुकसंचावर आधारित नामपद्धती प्रसिद्ध केली. तीत ए उपगटाच्या २४ आणि बी उपगटाच्या १६ वंशशाखा निश्चित करण्यात आल्या असून त्यांना ए.डी.१, बी.डी.४ अशा स्वरूपाची नावे आहेत.

भारत व महाराष्ट्रातील अभ्यास

भारतीय मुलांतील आरएसव्हीचे महत्त्व तमिळनाडूतील वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून पुढे आले. पुणे येथील राष्ट्रीय विषाणू संस्थेची स्थापना १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने 'विषाणू संशोधन केंद्र' या नावाने झाली. १९७८ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. आरंभी डास, गोचिडी इत्यादींद्वारे पसरणाऱ्या विषाणूंवर तिचा भर होता; पुढे श्वसनविषाणूंचे कामही तेथे विस्तारले. जागतिक आरोग्य संघटनेच्या जाळ्यातील राष्ट्रीय इन्फ्लुएन्झा केंद्र म्हणूनही ती कार्य करते.

या संस्थेतील संशोधकांनी २०१३ मध्ये पुण्यातील आरएसव्हीच्या जी जनुकातील विविधतेवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी २०११ मधील ए उपगटाच्या दोन भारतीय विषाणूंचे संपूर्ण जनुकसंचही त्यांनी प्रसिद्ध केले.

रुग्णालयापर्यंत न पोहोचणाऱ्या मुलांचा विचार करणारा अभ्यास अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात झाला. तेथील आदिवासी गावांत दोन वर्षांखालील मुलांमधील आरएसव्हीचा भार गावपातळीवर मोजण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. घरी होणारे बालमृत्यू केवळ रुग्णालयांच्या नोंदींत दिसत नाहीत, म्हणून अशा अभ्यासाला विशेष महत्त्व आहे.

आरएसव्हीचा हंगाम भारतभर एकसारखा नाही. उत्तर भारतात तो मुख्यतः हिवाळ्यात असतो. पश्चिम व दक्षिण भारतात पावसाळा आणि त्यानंतरचे काही महिने महत्त्वाचे ठरतात. संरक्षक प्रतिपिंडे कोणत्या महिन्यात द्यावीत हे हंगामावर अवलंबून असल्याने एका प्रदेशाचे वेळापत्रक दुसऱ्यास जसेच्या तसे लागू करता येत नाही.

सातारा आणि सांगली जिल्हे

सातारा आणि सांगली हे कृष्णा खोऱ्यातील शेजारी जिल्हे आहेत. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे विभाजन झाले आणि दक्षिण साताऱ्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. २०११ च्या जनगणनेनुसार साताऱ्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ आणि सांगलीची २८,२२,१४३ होती.

श्वसनविषाणूंच्या अभ्यासाच्या दृष्टीने या प्रदेशाची काही वैशिष्ट्ये आहेत.

हवामान. पश्चिमेकडील महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण, आटपाडी व जत हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. सुमारे शंभर ते दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात इतके भिन्न हवामान असल्यामुळे पाऊस, आर्द्रता आणि घरात एकत्र कोंडून राहणे यांचा संसर्गाच्या हंगामाशी असलेला संबंध तपासण्यास हा प्रदेश अनुकूल आहे.

स्थलांतर. गळीत हंगामात बीड व मराठवाड्यातील अन्य भागांतून ऊसतोड मजुरांची कुटुंबे लहान मुलांसह येथील साखर कारखान्यांच्या परिसरात येतात. उसाच्या पाचटाच्या कोपीत दाटीने राहणे, थंडी आणि चुलीचा धूर हे घटक अर्भकांच्या श्वसनमार्गास घातक असतात. सततच्या मुक्काम-बदलामुळे या मुलांचे लसीकरण आणि उपचारानंतरची देखरेख अर्धवट राहण्याचा धोकाही असतो. दुसरीकडे, खानापूर, आटपाडी व तासगाव भागातील सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायातील कुटुंबे देशभरातील शहरांत विखुरलेली असून ती सुट्टीत व यात्रा-जत्रांना गावी येतात. जावळी, पाटण परिसरातील अनेक कुटुंबे मुंबईशी जोडलेली आहेत. पुणे-बंगळूर महामार्ग सातारा व कराड शहरांजवळून जातो. अशा वाटांनी दूरच्या शहरांतील विषाणूशाखा या जिल्ह्यांतील खेड्यांपर्यंत पोहोचू शकतात. हे प्रत्यक्षात किती घडते, हे रुग्णसंख्या मोजून कळत नाही. त्यासाठी स्थानिक नमुन्यांचे क्रमनिर्धारण आवश्यक असते.

आरोग्यसंस्था. मिरज येथे विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयामुळे हे शहर वैद्यकीय केंद्र म्हणून नावारूपास आले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मिरज (१९६२), कराड येथील कृष्णा विश्व विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आणि सांगली येथील भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय या परिसरातील प्रमुख संस्था होत. मार्च २०२० मध्ये वाळवा तालुक्यातील इस्लामपूर येथे कोविड-१९ चा कौटुंबिक प्रादुर्भाव आढळला, तेव्हा आरंभीचे नमुने पुण्याला तपासणीसाठी पाठवावे लागले होते. त्यानंतर मिरज व कराड येथे आरटी-पीसीआर चाचणीची सोय झाली. हीच यंत्रे व प्रशिक्षित मनुष्यबळ आरएसव्ही, एचएमपीव्ही व इन्फ्लुएन्झा यांच्या निदानासाठीही उपयोगात येऊ शकतात.

प्रतिबंधाशी संबंध

जनुकीय विविधतेचे व्यावहारिक महत्त्व आरएसव्हीविरोधी उपायांच्या इतिहासातून स्पष्ट होते. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत फॉर्मलिनने निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस मुलांना देण्यात आली. लस घेतलेल्या मुलांना नंतर नैसर्गिक संसर्ग झाला, तेव्हा त्यांचा आजार अधिक गंभीर झाला व दोन बालके दगावली. या घटनेनंतर आरएसव्ही लसीचे काम अनेक दशके सावधपणे चालले. २०१३ मध्ये एफ प्रथिनाच्या मीलनपूर्व स्थितीची त्रिमितीय रचना उलगडली. सर्वांत प्रभावी प्रतिपिंडे याच स्थितीतील प्रथिनास ओळखतात, हे समजल्यावर नव्या लसींचा मार्ग मोकळा झाला.

प्रतिपिंड-औषधांपैकी पालिविझुमॅब १९९८ पासून अमेरिकेत वापरात आले. ते हंगामात दरमहा द्यावे लागते व महाग असल्याने त्याचा वापर अतिजोखमीच्या अर्भकांपुरता सीमित राहिला. त्यानंतर विकसित झालेल्या सुपटाव्हुमॅब या प्रतिपिंडाची मुदतपूर्व जन्मलेल्या अर्भकांवरील तिसऱ्या टप्प्यातील चाचणी २०१७ मध्ये अपयशी ठरली. कारण शोधताना असे आढळले की, चाचणीच्या काळात पसरलेल्या बी उपगटाच्या विषाणूंत एफ प्रथिनातील १७२ व १७३ या स्थानांवरील दोन अमिनो आम्ले बदललेली होती. प्रतिपिंड नेमके याच जागी चिकटत असे. ए उपगटाविरुद्ध परिणामकारक असलेले औषध बी उपगटापुढे निष्प्रभ झाले. ५७४ अमिनो आम्लांच्या, तुलनेने स्थिर समजल्या जाणाऱ्या प्रथिनातील केवळ दोन बदल त्यासाठी पुरेसे ठरले.

एका मात्रेत संपूर्ण हंगामभर संरक्षण देणारे निर्सेव्हिमॅब हे प्रतिपिंड अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाले. ते एफ प्रथिनाच्या दुसऱ्या भागास चिकटते. त्याला दाद न देणारे बदल क्वचित, मुख्यतः बी उपगटात, आढळले आहेत. गर्भवतींना देण्याच्या आरएसव्ही लसीलाही २०२३ मध्येच अमेरिकेत मंजुरी मिळाली. मातेच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे नाळेवाटे गर्भास मिळतात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळाचे रक्षण करतात. या लसीत ए आणि बी या दोन्ही उपगटांचे एफ प्रथिन समाविष्ट आहे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांनी मातृ-लस किंवा निर्सेव्हिमॅब यांपैकी एक उपाय स्वीकारावा, अशी शिफारस केली.

या उपायांची रचना ज्या विषाणूंवरून झाली, त्यांच्याशी एखाद्या जिल्ह्यात पसरणारे विषाणू जुळतात का, हे तेथील नमुन्यांवरूनच ठरवता येते. उपाय सुरू होण्यापूर्वीची स्थिती नोंदवलेली नसेल, तर नंतर आढळलेला बदल औषधाच्या दाबामुळे झाला की तो आधीपासूनच होता, हे सांगता येत नाही. म्हणून लस किंवा प्रतिपिंडांचा व्यापक वापर सुरू होण्याआधीचे क्रमनिर्धारण विशेष मोलाचे मानले जाते.

निदान आणि काळजी

विषाणू कोणत्याही शाखेचा असला तरी रुग्णशय्येवरील उपचार सहसा सारखेच असतात : आवश्यकतेनुसार प्राणवायू, पुरेसे दूध व द्रव पदार्थ, नाक मोकळे ठेवणे आणि देखरेख. प्रतिजैविके विषाणूंवर परिणाम करत नाहीत. जिवाणुसंसर्गाची शंका असल्यासच ती डॉक्टरांच्या सल्ल्याने दिली जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाखालील बाळाचा ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांखालील मुलाचा ४० किंवा अधिक असल्यास तो जलद समजला जातो. श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे, दूध न ओढणे किंवा बाळ सुस्त पडणे ही तातडीने रुग्णालयात नेण्याची लक्षणे होत. स्तनपान, हात धुणे, सर्दी झालेल्यांनी तान्ह्या बाळापासून दूर राहणे आणि घरातील धूर टाळणे हे उपाय सर्व विषाणूंविरुद्ध, त्यांची जनुकीय शाखा कोणतीही असली तरी, उपयोगी पडतात.

हे सुद्धा पहा

राष्ट्रीय विषाणू संस्था, पुणे
न्यूमोनिया
इन्फ्लुएन्झा
उत्परिवर्तन
लसीकरण
सातारा जिल्हा
सांगली जिल्हा